आबासाहेबांची पाटी

रंगाच्या कारखान्याचे मालक जयसिंगराव यांनी गावचा ओढा सुधारण्यासाठी मोठी देणगी जाहीर केली. मात्र तिच्यातून बांधायचा होता नुसता घाट, आणि त्यावर त्यांच्या वडिलांच्या, आबासाहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी. कारखान्याच्या सांडपाण्याने ओढ्यातले मासे मेले होते. त्या माशांवर पोट असलेल्या चंदाक्का भोई भर सभेत उठल्या. "मालक, आधी सांडपाणी साफ करायचं यंत्र बसवा की."

"आक्का, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत," जयसिंगराव म्हणाले. सभा हसली.

"नाही मोजत. पाटी कुठं लावायची तेवढं सांगा. कारखान्याच्या वरच्या अंगाला पाणी नितळ आहे. तिथं लावली तर लोक विचारतील, इथं देणगी कशाला? खालच्या अंगाला लावली, तर आबासाहेबांचं नाव आम्ही बाया नाकाला पदर लावून वाचणार."

हसू दाबताना निम्मी सभा खोकली. जयसिंगरावांनी मंचावर ठेवलेल्या वडिलांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि व्यवस्थापकाला सांगितलं, "घाट राहू दे. आधी यंत्र बसवा." मग चाचरत विचारलं, "आक्का, पाटी कधी लावायची?"

"पाण्यात तिची पडछाया दिसेल त्या दिवशी, मालक."