न गुरगुरणारा कुत्रा

फार पूर्वी एका पेठेच्या गावात एक कासार राहत होता. त्याच्या घरी ठोंब्या नावाचा टेरियर या विलायती जातीचा कुत्रा होता. बुटका बांधा, रुंद छाती आणि जबडा असा, की बघणाऱ्याने आपणहून मागे सरावं. लोक म्हणत, "हा कुत्रा कसला, यमदूत आहे!" घरात मात्र हा यमदूत कासाराच्या लहानग्या लेकीच्या पायाशी खुशाल घोरत पडलेला असे.

कासाराच्या ओसरीवर बायका बांगड्या भरायला येत. एकदा कोणाच्या तरी पोराने ठोंब्याची शेपटी पिरगाळली आणि तो गुरगुरला. नुसता गुरगुरला हो! पण बायका अर्ध्या भरलेल्या हातांनीच पळाल्या. कासाराला ते फार लागलं. त्या दिवसापासून ठोंब्या जरा गुरगुरला, की पाठीत काठी बसू लागली.

"अहो, काहीतरी सांगत असेल तो," बायको म्हणाली.

"गिऱ्हाइकाला दात दाखवून? गप्प बसायला शिकू दे त्याला."

ठोंब्या शिकला. शेपटीवर पाय पडला तरी हूं की चूं करेना. बायका परत येऊ लागल्या. "काय गुणी जनावर केलंत हो त्याला!" असं कोणी म्हटलं, की कासाराची स्वारी दिवसभर खुशीत असे.

मग एका दुपारी, भर ओसरीवर, लेकीने नेहमीसारखा लाडाने ठोंब्याचा कान ओढला. त्याने कासाराकडे पाहिलं, अंग चोरलं, आणि पुढच्या क्षणी पोरीचा हात त्याच्या जबड्यात होता.

किंकाळी ऐकून कासार हातातल्या बांगड्या टाकून धावला. ठोंब्याने हात लगेच सोडला, पण जखम खोल होती. बायको लेकीला उचलून वैद्याकडे धावली. पोरीची करंगळी पुन्हा कधी वळणार नव्हती.

"मारून टाका!" लोक ओरडले. "साधा गुरगुरलासुद्धा नाही. दगाबाज मेला!"

कासाराने काठी उगारली, आणि हात वरच्या वर थांबला. गुरगुरला नाही? कसा गुरगुरेल? त्याने वाकून पाहिलं. कान आतून सुजून लाल झाला होता, पू वाहत होता. किती दिवस हा ठणका सोसत होता कोण जाणे! कासाराने काठी टाकून दिली.

"दगाबाज तो नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझ्यामुळेच त्याला गुरगुरायची चोरी झाली होती."

कोणाला ते पटलं नाही. लोक पुटपुटत पांगले. कासाराने कोमट पाणी आणलं आणि तो कान धुऊ लागला. हात लागताच कुत्र्याचं सगळं अंग ताठ झालं.

"गुरगुर रे बाबा," कासार रडत म्हणाला. "दुखतंय ना? गुरगुर की."

ठोंब्याने डोळे घट्ट मिटले आणि तो आवाज न करता थरथरत राहिला.

तात्पर्य: सावध करणाऱ्याचं तोंड दाबलं, तर त्याचं दुखणं थांबत नाही, आपल्याला मिळणारी सूचना तेवढी थांबते.