तानीचा पहारा

या मंडळी, असे लांब का बसलात? सरका जवळ. एका पहाऱ्याची गोष्ट सांगतो, मन लावून ऐका.

त्या वर्षी रेवजी महाराज टेंभुरवाडीत सप्ताहाला आले होते. सप्ताहाचा नेम तुम्ही जाणताच. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एक दमला की दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची. त्यालाच पहारा म्हणतात.

भिवा तेल्याच्या घरीही असाच पहारा वर्षानुवर्षं चालला होता. फक्त तिथं बदलीला कुणी येत नव्हतं. त्याची लेक तानी. बसता येईना, बोलता येईना, मान ठरेना. पेज भरवून झाली की तिला बराच वेळ खांद्यावर उभी धरावी लागे. आडवी केली की घास छातीत जायचा. नवरा-बायकोचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

"अहो, धरा हिला."

"अगं, आत्ताच तर धरली होती!"

वर गावाचे सल्ले. कुणी म्हणे काळा दोरा बांध, कुणी म्हणे मागल्या जन्मीचं भोगणं. तानीची आई सगुणा वैतागून म्हणायची, "बायांनो, आता पोरीपेक्षा तिच्या अंगावरचे दोरेच जड झालेत!"

भिवाला एकदा तरी वीणा घ्यायची फार हौस. महाराजांनी त्याला दुपारचा पहारा दिला. देवळाचे कारभारी विसाजीपंत फणकारले, "हा वीणा धरणार, मग ती लाळगळी पोर कोण सांभाळणार? मंडपात आणाल तर खबरदार! देवाच्या दारी विटाळ नको."

"जा तुम्ही," सगुणा नवऱ्याला म्हणाली. "तेवढाच वेळ दुसरं काहीतरी धरा."

तिच्या अंगात ताप होता. तरी नवऱ्याच्या तोंडचं हरिनाम कानावर पडावं म्हणून ती देवळामागच्या सावलीत, भिंतीला टेकून बसली. तानीला पेज भरवली, खांद्यावर घेतली. आत नैवेद्य झाला. पंतांनी गाभाऱ्याला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. इकडे पोरीला धरून धरून सगुणेचे हात भरून आले आणि तिचा धीर सुटला.

"विठोबा, तुझ्या वीणेला गावभर खांदे, माझ्या पोरीला दोनच माणसं! कमरेवर हात ठेवून नुसता बघत काय राहतोस? एक पहारा तू धर की!"

एवढं बोलली आणि तिचा डोळा लागला. दचकून जागी झाली तर खांदा रिकामा! समोर एक काळासावळा पाहुणा तानीला खांद्यावर घेऊन, मान नीट सावरून, येरझारा घालत होता.

"अहो, कोण तुम्ही? द्या तिला, पडेल!"

"नीज माय. माझा पहारा आहे."

आणि नवल असं, की ती निजली! कित्येक वर्षांत निजली नव्हती अशी निजली.

जाग आली ती पंतांच्या ओरडण्यानं. तानी तिच्या कुशीत शांत झोपली होती. गाभाऱ्याचं कुलूप काढून पंत तणतणत आले होते, मागून महाराज आणि वीणा पुढच्याच्या गळ्यात देऊन आलेला भिवा.

"सगुणे, तुझी पोर गाभाऱ्यात नेलीस? देवाचा शेला खांद्यावर ओलाचिंब आहे. पेज सांडलीय, काळा दोरा अडकलाय!"

सगुणेचं डोकंच फिरलं. "पंत, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कनवटीला. मी काय भिंतीतून गेले?"

पंतांचा हात कनवटीकडे गेला. किल्ली तिथंच होती.

महाराज आत गेले. शेल्याच्या ओल्या टोकाला बोट लावून त्यांनी ते आपल्या कपाळाला लावलं. डोळे भरून आले. बाहेर येऊन महाराज म्हणाले, "पंत, लेकरू ज्याच्या खांद्यावर झोपतं, त्याचा खांदा भिजायचाच. तुमचा-आमचा कोरडा राहिला, याची लाज वाटू द्या."

पंत खाली बसले. तानीच्या वाकड्या पावलांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"पाया नंतर पडा," सगुणा म्हणाली. "आधी धरा हिला. मान सावरून! मला घोटभर पाणी पिऊ द्या."

पंतांनी धरली. सोवळ्यावर लाळ ओघळली, तरी ते हलले नाहीत.

तानी चालायला लागली का? नाही. पण टेंभुरवाडीत त्या दिवसापासून दोन पहारे लागू लागले, एक वीणेचा, एक तानीचा.

मंडळी, तुमच्याही आळीत कुणी सगुणा पोर खांद्यावर घेऊन उभी असेल. टाळ खाली ठेवून घरी जाताना तिची आठवण ठेवा.