गुहेला तीन दारं

माणसांच्याही आधी प्राणीच सभा भरवायचे, तेव्हाची गोष्ट. साळिंदरबाईंची गुहा लांडग्याने बळकावली होती. अस्वल, बिबट्या आणि रानडुक्कर यांनी मिळून त्याला हाकलून लावलं. मग गुहा बाईंना परत कशी द्यायची, यासाठी तिघांनी त्याच गुहेत बैठक ठरवली.

पण दार एकच. आधी आत कोण जाणार?

"लांडग्याचा पाय मी मोडला," अस्वल गुरगुरलं.

"मी आलो नसतो तर तुझाच मोडला असता," बिबट्या म्हणाला.

रानडुकराने दोघांनाही शिव्या घातल्या. शेवटी तोडगा निघाला. तिघांनी तीन नवी दारं खणली, जुनं दार भांडण नको म्हणून बुजवलं आणि तिघे एकदमच आत शिरले. चर्चा अत्यंत खेळीमेळीत पार पडल्याचं कावळ्याने रानभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साळिंदरबाई पिल्लांना घेऊन आल्या, तर तिघेही आपापल्या दारात ठाण मांडून बसलेले. दुसरा जाईपर्यंत कोणीच हलायला तयार नव्हतं.

"बाई, घर तुमचंच आहे," अस्वल मायेने म्हणालं, "पण माझ्या दाराने आलात, तर तुम्ही माझ्या गटात गेलात असं ते दोघे म्हणतील." उरलेल्या दोन्ही दारांत बाईंना हेच ऐकावं लागलं.

त्यांनी पलीकडच्या टेकाडात नवं बीळ खणलं.

"दार फारच अरुंद केलंत," कावळा म्हणाला. "लांडग्याची एवढी धास्ती?"

"लांडग्याला काटे दाखवता येतात रे," बाई म्हणाल्या. "सोडवायला येणाऱ्यांना कसे दाखवू?"