शेटचा खांब

आंबेवडीला रेवाजी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हा हरबाशेट वाण्याने देवळामागच्या घरासाठी एक खांब दान केला. या दानात शेटचा नफा तिहेरी होता. भुंग्यांनी पोखरलेलं लाकूड परसातून निघणार, कीर्तनात दाता म्हणून नाव येणार, आणि माणसं राहायला येण्याआधीच छप्पर कोसळलं की ती जागा पुन्हा त्याच्या गुरांना मोकळी होणार.

घर बांधत होती यमाई बुरूड. महाराजांची ही भक्त धान्याच्या कणग्या विणून पोट भरी. देवळाच्या ओट्यावर निराधार माणसं झोपत: आंधळा म्हातारा खेमाजी, सासरच्यांनी हाकललेली गरोदर सुगंधा, तीन पोरकी पोरं. त्यांच्यासाठी यमाईने बांबूचे कूड विणले, अगदी कणगीसारखेच, आणि शेणमातीने लिंपले. शेट येता-जाता हसे.

"यमे, कणगीत धान्य भरतात. ही माणसं भरून काय पुढच्या सालापर्यंत टिकवणार?"

"टिकली तर बरंच की, शेट," म्हणत ती पुढची कामटी ओवी.

लिंपण अजून ओलं होतं. पण सुगंधाचे दिवस भरले. महाराज म्हणाले, "बाळाने ओट्यावर जन्मायचं का? आजच आत चला." शेटने हे ऐकलं. तरी लाकूड पोकळ आहे, हे सांगायला जीभ काही उचलली नाही.

त्याच दुपारी वैशाखातलं वादळ सुटलं. शेटच्या घराची कौलं उडाली, आढं करकरलं. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन तो धुळीतून देवळाकडे धावत सुटला, आणि यमाईच्या दारात येऊन थिजला. त्याचा खांब मधोमध मोडून भुशासकट खाली पडला होता. छप्पर मात्र जागेवर! महाराज एक हात सहज आढ्याला लावून उभे होते आणि खेमाजीला अभंग सांगत होते.

शेटचं पाऊल उंबऱ्यावरच अडलं. त्या लाकडाची लायकी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

"आत ये, हरबा," महाराज म्हणाले. "जागा आहे. आईला आधी टेकव."

वारा पडेपर्यंत निम्मं गाव त्या एका खोलीत मावलं, आणि कुणाचा कोपर कुणाला लागला नाही. कूड किती सरकले, ते विणणाऱ्या यमाईलाही सांगता येईना. लुगड्याच्या आडोशाला सुगंधाला मुलगी झाली. तिला पहिलं न्हाऊ शेटच्या आईने घातलं.

मग शेटने आपल्या ओसरीचा सागवानी खांब उपसला आणि गड्यांबरोबर स्वतः खांदा देऊन आणला. यमाईने तो बसवून घेतला, तेव्हा कुठे महाराजांनी हात काढला. शेटने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज, लाकूड कसं होतं ते मला माहीत होतं."

"मलाही होतं. तेव्हा तू दिलंस तेवढं घेतलं. बाकीचं आज आणलंस."

शेट उठला आणि यमाईपुढेही वाकला.

त्या घराचा हिशेब आंबेवडीत अजून सांगतात. बांबू यमाईचा, शेण गावच्या गुरांचं, खांब शेटचा. छपराचा भार कुणी पेलला? महाराजांच्या उजव्या तळहातावर आढ्याचा निळा वण अखेरपर्यंत होता. कुणी विचारलं की ते मूठ मिटून घेत.