आंबोळी आणि आंबोण

"माझे कुळीथ जातात कुठे?" राजानं भर दरबारात विचारलं.

त्याच्या लाडक्या म्हशीला, चंद्रावळीला, रोज पायलीभर कुळीथ मिळत. तरी तिच्या बरगड्या लांबूनही दिसत आणि दुधाच्या नावानं बोंब. मग चोर कोण? गोठ्यावरचा गडी लुमा! राजानं त्याला तिथल्या तिथे हद्दपारी सुनावली. आमच्या राजाचं डोकं असंच, एकदा सटकलं की गेलं.

लुमाची लेक येसू पुढे झाली. "महाराज, कुळीथ सापडलेत. दाखवते चला."

तिनं राजाला नेलं ते थेट उकिरड्यावर. शेणाच्या ढिगात कुळथाचे कोवळे वेल डुलत होते.

"म्हैस खाते, पण अंगी लागत नाही. जसे जातात तसे बाहेर येतात. हवे तर मोजून घ्या."

राजानं नाक दाबलं. पण चूक कबूल करील तर तो राजा कसला? नाक दाबूनच म्हणाला, "मग तूच लाव अंगी. दाणा एकही जास्त मिळणार नाही, शिजवायला सरपणाची काडीही नाही. वसुबारसेला घागरभर दूध दिसलं नाही, तर बापाबरोबर तूही चालती हो."

येसूनं कुळीथ भिजवले, त्यांना मोड आणले, वाटले आणि मुदपाकखान्यानं टाकून दिलेल्या आंबट ताकात रात्रभर मुरवले. पोटानं करायचं निम्मं काम रांजणातच उरकलं. म्हैस ते आंबोण चाटूनपुसून खाऊ लागली आणि बघता बघता भरली.

वसुबारसेला सगळा दरबार गोठ्यावर जमला आणि घागर काठोकाठ भरली. पण राजाचं लक्ष रांजणाकडे. "शी! माझ्या म्हशीला नासकं घालतेस?"

"महाराज, आज न्याहरीला काय होतं?"

"आंबोळ्या. रोजच असतात."

"पीठ रात्रभर आंबवलेलं?"

"मग? त्याशिवाय जाळी पडेल का? अन् पोटालाही हलक्या."

"तुम्ही खाल्लं तर आंबोळी आणि म्हशीनं खाल्लं तर नासकं होय? तिचंही तव्यावर घातलं असतं, महाराज. सरपण तुम्हीच दिलं नाहीत."

राजा आधी लाल झाला, मग पोट धरून हसत सुटला. तेव्हा कुठे दरबारी हसले, शहाणे!

"माग काय हवं ते."

"बाबांना भर दरबारात चोर म्हणालात. तो शब्द भर दरबारात परत घ्या."

राजा दरबाऱ्यांकडे वळला. "घेतला. आणि ही म्हैसही तुम्हालाच. ने घरी."

येसूनं दावं हातात घेतलं, दोन पावलं गेली आणि वळली. "अन् तिचे कुळीथ, महाराज?"

राजा पुन्हा खो खो हसला. "तेही ने, बाई! फक्त माझ्या आंबोळीवर लोणी तेवढं धाडत जा."