उलगडीचा ओटा

बोरसिंगीच्या कापडपेठेत शिरलं की आधी हा ओटा दिसतो. काळ्या दगडाचा, कमरेइतका उंच आणि लांबीला बरोबर नऊ वार. पाहुणे विचारतात, यावर देव नाही, झाड नाही, मग एवढा लांब ओटा कशाला? याला उलगडीचा ओटा म्हणतात. या पेठेत तुम्ही धोतर घ्या नाहीतर शालू, दुकानदार तो आधी इथं आणणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडणार, उजेडात धरणार आणि मगच घडी घालणार. घडी घालताना दुसरं टोक तुम्हाला धरावं लागतं. एसटीची घाई असलेली गिऱ्हाइकं वैतागतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आमचा विश्वास आहे तुमच्यावर." मी म्हटलं, "साहेब, तेवढंच इथं चालत नाही."

बसा, गूळपाणी घ्या. समोरच्या दुकानात विचारलंत तर ही गोष्ट जरा मसाला लावून सांगतील. मी लावणार नाही. ज्याची गोष्ट, तो आमच्याच घराण्यातला पुरुष. आमच्या घरात ती मान खाली घालूनच सांगतात.

किती पिढ्या झाल्या ते नक्की कुणाला ठाऊक नाही. त्या काळी पेठेत सदलिंगशेठ नावाचे व्यापारी होते. गोड बोलणारे, पारखी नजरेचे. नुसतं बोट लावून सूत कुठल्या गावचं ते सांगत म्हणे. आणि ओढ्याकाठच्या साळीआळीत नागूबाई म्हणून एक विणकरीण राहायची. नवरा लवकर गेला, माग तिनंच चालवला. तिच्या हातचं एक रेशमी लुगडं सदलिंगशेठांनी घेतलं होतं. डाळिंबी रंगाचं, काठाला रुईची फुलं. फुलांच्या त्या रांगेत एका फुलाला तिनं एक पाकळी मुद्दाम कमी विणली होती, नजर लागू नये म्हणून.

लुगडं इतकं देखणं की शेठना ते ऐऱ्यागैऱ्याला विकवेना. कुणीतरी सरदार येईल, वाड्यावर जाईल, या आशेवर ते लाकडी पेटीत ठेवून दिलं. एक वर्ष गेलं, चार गेली, अकरा गेली. आता रेशमाचं असं असतं, एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की ते घडीच्या रेघेवर विरतं. वरून टवटवीत दिसतं, पण रेघेवर धागा मेलेला असतो. म्हणून दर वर्षी ठेवणीतलं कापड काढून घडी फिरवून ठेवायची असते. आमच्या धंद्यातलं हे पहिलं काम, आजही नव्या माणसाला आम्ही आधी तेच शिकवतो. सदलिंगशेठांना काय ते माहीत नव्हतं? पण पेटी उघडावी तर मनात यायचं, अजून गिऱ्हाईक आलं नाही. तो विचार नको म्हणून पेटीच उघडली नाही.

अकराव्या वर्षी नागूबाई स्वतः दुकानात आली. लेकीचं, अंबूचं, लग्न ठरलं होतं. सोयरे पलीकडच्या गावचे, जरा वरचढ. नागूबाई म्हणाली, माझ्या हातानं विणलेलं सगळ्यात चांगलं लुगडं तुमच्या पेटीत आहे, माझ्या लेकीनं तेच नेसावं. दोन वर्षं जास्तीचा माग चालवून तिनं त्याच्या किमतीची तजवीज केली होती.

शेठांनी तिला संध्याकाळी यायला सांगितलं आणि ती गेल्यावर पेटी उघडली. लुगडं दारातल्या उजेडात धरलं तर प्रत्येक घडीच्या रेघेतून ऊन दिसत होतं.

सांगता आलं असतं. नागूबाई काय, रडली असती, दुसरं काही घेतलं असतं. पण अकरा वर्षं आपण काय केलं, तेही मग सांगावं लागलं असतं. सदलिंगशेठांनी लुगड्याची घडी वेगळ्या मापानं घातली. विरलेल्या रेघा आत गेल्या, पदर आणि काठ वर आले. नागूबाईनं काठावर बोट फिरवत ते पाकळी कमी असलेलं फूल शोधलं आणि हसली. मग लुगडं उलगडायला गेली, तेव्हा शेठ म्हणाले, "नागूबाई, नवरीचं वस्त्र आहे. घडी नवरीच्या अंगावरच मोडावी. अशी दुकानात मोडू नका."

रीत खरीच होती. नव्या लुगड्याची घडी आवडत्या माणसानं मोडायची, हे आपल्याकडे घरोघरी आहे. त्या रीतीमागे त्यांनी आपलं पाप लपवलं. तिनं लुगडं कपाळाला लावलं आणि नेलं.

पहाटे दिव्याच्या उजेडात नेसवताना रेघा कुणाला दिसल्या नाहीत. लग्नात अंबू सासूच्या पाया पडायला वाकली आणि लुगडं पाठीवरून गुडघ्यापर्यंत रेघेवर फाटत गेलं. सनईवाल्यानंही फुंकर थांबवली म्हणे. कुणीतरी शेला टाकला पोरीच्या अंगावर. सासू म्हणाली, "साळणीची लेक, आणि अंगावर फाटकं?" वऱ्हाडी हसले. नागूबाई म्हणाली, माझी वीण अशी जायची नाही, हे कापड कसं होतं ते शेठना विचारा. शेठ मानाच्या जागी, लोडाला टेकून बसलेले. सगळा मांडव त्यांच्याकडे वळला.

शेठ म्हणाले, "पेटी माझी. वीण त्यांची."

नागूबाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि लेकीला आत नेलं.

त्यानंतर नागूबाईला सूत द्यायला कुणी तयार होईना. तिचं विणलेलं फाटतं, एवढं वाक्य पुरलं. माग बंद पडला. ती दुसऱ्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. अंबूला सासरी उठताबसता ते लुगडं ऐकवलं जाई आणि माहेरी धाडत नसत.

आणि इकडे, असं सांगतात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सदलिंगशेठ उठले ते डाव्या गालावर एक सरळ रेघ घेऊन. बायको म्हणाली, उशीची वळी उठली असेल, जाईल. दुपारपर्यंत गेली नाही. आठवड्यानं दुसरी आली, कपाळावरून नाकापर्यंत, मग आडवी एक. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या कशा, डोळ्यांच्या कडेनं पसरत जातात. या तशा नव्हत्या. या सरळ होत्या, चौकोनी होत्या. पेटीतल्या लुगड्याच्या घडीसारख्या. न्हावी चेष्टेत म्हणाला, "शेठ, तांब्यात निखारे भरून इस्त्री फिरवू का तोंडावरून?" शेठ हसले नाहीत. त्यांनी आरशावर फडकं टाकलं.

त्यांनी एक कागद लिहिला. जे झालं ते सगळं लिहिलं. नागूबाईला वाचता येत नव्हतं, पंतोजी वाचून दाखवतील, म्हणजे आपल्या तोंडानं बोलावं लागणार नाही, असा हिशेब. तो कागद घडी करून पगडीत खोवला. दर बाजाराला ते साळीआळीच्या तोंडापर्यंत जात, पगडीतून कागद काढत, उलगडून एकदा वाचत, पुन्हा घडी घालत आणि परत येत. दीड वर्ष हे चाललं. गावाला वाटे, शेठना वसुलीला जाऊन हात हलवत यायची सवय लागली.

मग एका बाजारी कळलं की नागूबाईनं माग मोडून लाकूड विकायला आणलंय. आपण बसलोय ना, इथंच तेव्हा मोकळी जागा होती. शेठ दुकानातून उठले ते थेट तिच्यापुढं येऊन उभे राहिले. पुढं मागाचे खांब पडलेले, फणी आणि धोटा एका डाळिंबी कापडात बांधलेले. कापड म्हणजे तेच लुगडं, सासरच्यांनी परत पाठवलेलं.

शेठांनी पगडीतला कागद काढला, पंतोजींना हाक मारली आणि कागद उलगडला. दीड वर्ष घडी मोडून घडी घातलेली. कागद रेघेरेघेवर सुटला. आठ तुकडे झाले आणि बाजारातल्या वाऱ्यानं ते भाजीवाल्यांच्या पाट्यांमध्ये गेले. पंतोजी हात पुढं करून उभे होते, त्यांच्या हातात द्यायला काही उरलं नव्हतं. बाजार बघत होता. नागूबाई बघत होती.

शेठ म्हणाले, "लुगडं माझ्या पेटीत विरलं होतं. मला माहीत होतं. मी घडी फिरवून रेघा आत घातल्या. हिची वीण चांगली होती."

भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग पगडी काढून खाली बघत उभे राहिले.

नागूबाईनं फणी आणि धोटा बाजूला ठेवला. लुगडं झटकलं. एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं त्यांच्या पुढं केलं.

"शेट, धरा टोक."

नऊवारीची घडी एकट्यानं होत नाही. दोघांनी मिळून घडी घातली, ती पुढं चालत यायची, टोक जुळवायची, मागं जायची. हात एकमेकांना लागत तेव्हा शेठांना तिच्याकडे बघवेना. शेवटची घडी तिनं अशी घातली की फाटलेली रेघ बरोबर वर आली. ती घडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "दुकानात दर्शनी ठेवा. कुणी विचारलं तर सांगा."

विचारायचे सगळेच. शेठ मरेपर्यंत सांगत राहिले. महिन्याभरात अंबूची सासूही येऊन बघून गेली. पंचमीला तिनं अंबूला माहेरी धाडलं. मागाचं लाकूड त्या दिवशी विकलं गेलंच नाही, नागूबाईनं ते पुन्हा जोडलं. त्या जागेवर शेठांनी हा ओटा बांधला, लुगड्याच्या मापाचा. त्यांच्या तोंडावरच्या रेघा गेल्या असं पेठेत सांगतात. आमच्या घरात सांगतात की गेल्या नाहीत, फक्त त्यांनी आरशावरचं फडकं काढलं.

एक माझंही सांगून टाकतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका खणाच्या ताग्यावर तेलाचा डाग पडला. घेणारी बाई परगावची होती, गर्दी होती, मी कापड ओट्यावर नेलंच नाही, डाग आतल्या घडीत गेला. त्या वर्षी नवरात्राच्या आदल्या दिवशी साळीआळीतल्या इंदूताई आल्या. नागूबाईच्या घरातल्या थोरल्या बाईनं त्या दिवशी आपल्या मागावरचं एक लुगडं आणायचं आणि आमच्या घरातल्या थोरल्या पुरुषानं दुसरं टोक धरायचं, अशी चाल आहे. वडील नुकतेच गेले होते, टोक पहिल्यांदाच माझ्या हातात आलं. इंदूताई जवळ आल्या, टोकाला टोक लावलं आणि हळूच म्हणाल्या, "वर का बघत नाही, शेट?" दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून त्या बाईचं गाव गाठलं.

मूळ लुगडं आता उरलं नाही. चार बोटं काठ आहे, आमच्या दुकानातल्या त्या काचेमागं. नीट बघा, एका फुलाला पाकळी कमी आहे.

आजही नवरात्राच्या आदल्या दिवशी आम्ही इथं समोरासमोर उभे राहतो. लुगडं उलगडतो, उजेडात धरतो, घडी घालतो. इतक्या पिढ्यांत माफ केलं असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलेलं नाही, आणि विचारायचं तोंड आमच्यातल्या कुणाला झालेलं नाही. त्या नुसतं म्हणतात, शेट, धरा टोक. आणि आम्ही धरतो.