चंद्राक्काच्या पाटीमागं

“मग बाबा, सांगताय ना त्या बायकांना?”

नगराध्यक्ष प्रतापराव वाघचौरे उभ्या उभ्याच विचारत होते. दस्तगीरबाबा लिंबाखाली बसून कुबडीला चिंधी गुंडाळत होते. फकिराला घाई कसली!

समोर नगरपालिकेची नवी कोरी इमारत. दोन मजले, वर घुमट, दर्शनी भिंतीवर प्रतापरावांचं नाव. आणि तिच्या पुढ्यात, फाटकाला खेटून, चंद्राक्काची पेरूची पाटी. शेजारी दहा-बारा जणींची भाजी, वर गोणपाटांची सावली. तीस वर्षं चंद्राक्काचं घर त्या जागेवर चाललं होतं.

“सोमवारी मंत्री येणार,” प्रतापराव म्हणाले. “या पाट्यांच्या आड इमारत दिसतच नाही हो! उठा म्हटलं तर म्हणतात, बाबांनी सांगितलं तरच उठू.”

“दिसत नाही?”

“कुठं दिसते!”

“मग उठवायलाच पाहिजे. चल.”

प्रतापरावांना हायसं वाटलं. पण बाबा पाट्यांकडे गेलेच नाहीत. कुबडी टेकत उलटे एसटी स्टँडकडे निघाले.

तिथं एक रिक्षावाला सीटखाली डोकं घालून काहीतरी ठोकत होता.

“पत्ता विचार त्याला,” बाबा हळूच म्हणाले. “घटकाभर परगावचा हो.”

प्रतापरावांना हा पोरखेळ वाटला. पण गरज त्यांची होती.

“अहो, नगरपालिका कुठं आली?”

“सरळ जावा,” सीटखालून आवाज आला. “चौकात चंद्राक्काची पेरूची पाटी दिसंल. तिच्या मागं.”

“आणि ती नसली तर?”

“नसंल कशी? ...अन् चुकलाच, तर कुणालाबी विचारा, चंद्राक्का कुठं बसती म्हणून.”

प्रतापरावांचा तोल गेला. “अरे, दोन मजली इमारत आहे! घुमट आहे वर!”

“असंल बुवा.”

ठोकाठोकी पुन्हा सुरू झाली.

प्रतापरावांचं तोंड एवढंसं झालं. लाज वाटली, रागही आला. कुणाचा, ते त्यांनाच कळेना...

बाबा हसले नाहीत.

“सांगतो मी बायकांना. आत्ता जाऊन सांगतो,” ते म्हणाले. “तू फक्त एवढं बोल... चंद्राक्काला उठवल्यावर तुझी इमारत कुठं ठेवायची?”